अमेरिकेचं टपाल बंद आहे

नंदनवन, नागपूर
२ सप्टेंबर २०२५

रोशनी,

जयभीम. पुढचा मायना गाळते. 'चि.' लिहिलं तर चिडशील आणि 'प्रिय' लिहिलं तर हसशील.

आज पोस्टात गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. अमेरिकेचं टपाल बंद आहे म्हणाली. पार्सलं बंद झाल्याचं मी पेपरात वाचलं होतं, पण साध्या पत्रावर कसला आलाय कर? मी तिला विचारलं, यात मी काय लोणचं भरलंय? ती बिचारी म्हणाली, सगळंच बंद आहे काकू, त्यांच्या कस्टमचे नियम बदलले, विमानवाले टपाल उचलत नाहीत.

माझ्या मागे उभे असलेले गृहस्थ खुशीत म्हणाले, "बंदच राहू द्या. आपलं काय अडलंय त्यांच्यावाचून?" मी वळून पाहिलं तर ओळखीचे निघाले. त्यांच्या मुलाकडून मी २०१४ साली सहा संध्याकाळी बसवून व्हिसाच्या मुलाखतीची उत्तरं घोटून घेतली होती. मुलाला व्हिसा मिळाल्यावर हेच गृहस्थ पेढे घेऊन आले होते आणि अमेरिकेतल्या रस्त्यांवर थुंकी कशी दिसत नाही, हे मला अर्धा तास सांगत बसले होते. आज त्यांनी मला ओळखलं नाही. किंवा ओळखायचं नाही असं ठरवलं.

पत्र घरी आणलं, फाडलं, आणि हे दुसरं लिहायला बसले. कुरिअरवाला कागदपत्रं नेतो, हे मला ठाऊक आहे. तरी पोस्टातच गेले. कुरिअरनं पत्र चार दिवसांत पोचतं आणि पाचव्या दिवशी उत्तराची वाट पाहावी लागते.

तुझ्या आजाराचं मला मार्चमध्ये प्रीतीनं सांगितलं. तू तिला शपथ घातली होतीस, तरी सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या मैत्रिणींत तीच एक धड आहे. कोणत्या बाजूला आहे, कितवी केमो चालू आहे, केस गेले, हे सगळं मला माहीत आहे. तू एकटी गाडी चालवत हॉस्पिटलला जातेस, हेही. मार्चमध्येच मी व्हिसाचा अर्ज भरला. मुंबईला मुलाखत आहे, ८ ऑक्टोबरला. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

साडेतीन वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस. ठीक आहे. पण एक लिहून ठेवते: तुझे बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, त्याबद्दल मी तुला एका शब्दानंही बोललेले नाही. हे तूही मान्य करशील.

आई

—

१५ सप्टेंबर २०२५

रोशनी,

टपाल अजून बंद आहे. त्यामुळे मला लिहायला सोपं जातंय.

माझ्या व्हिसा मुलाखतीच्या वर्गाला आता कुणी येत नाही. पुढच्या खोलीतलं टेबल तसंच आहे. तुला आठवत असेल, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांपलीकडे मी बसायचे आणि अलीकडे उमेदवार उभा राहायचा, म्हणजे काचेपलीकडच्या माणसाशी बोलायची सवय व्हावी. माझे नियम तुला पाठ असतील. विचारलं तेवढंच सांगायचं. तीन वाक्यांत. डोळ्यांत बघून. 'आय थिंक' नको. आणि घरातल्या कुणाच्या आजाराचं नाव काढायचं नाही. आजारी माणसाकडे निघालेला पाहुणा लवकर परतत नाही, असं त्यांना वाटतं. वीस वर्षांत तीनशेच्या वर माणसं मी त्या खिडकीतून पलीकडे पाठवली. शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून जो मान मिळाला नाही, तो त्या खिडकीनं दिला.

आता येतात ते टोमणे मारायला येतात. फेब्रुवारीत हातापायांत बेड्या घातलेली माणसं विमानातून उतरवली, तेव्हा शेजारचे मोबाइल घेऊन माझ्या दारात. ऑगस्टात आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसला, तेव्हा पुन्हा. जशी काही मीच सही केली. यातल्या निम्म्यांची पोरं तिथं आहेत आणि एकाचंही पोर परत आलेलं नाही, पण तोंडं पाहावीत. सोळा वर्षांपूर्वी याच लोकांनी तुझ्या तिकिटाला हात लावून पाहिला होता.

मी त्यांना माझ्या बाबांचं उत्तर देते. तुझ्या आजोबांनी अमेरिका नकाशावरसुद्धा धड पाहिली नव्हती. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे. पण आमच्या एका खोलीत बाबासाहेबांचा पदवीच्या झग्यातला फोटो होता आणि त्या फोटोमुळे अमेरिका आमच्या घरची होती. ज्या देशानं बाबासाहेबांना वर्गात पुढं बसवलं, पाणी दिलं, जात विचारली नाही, तो देश वाईट असू शकत नाही, एवढाच हिशेब. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव बाबांनी पोत्यात भरून नदीत सोडले. मला कधीकधी वाटतं, त्या रिकाम्या फळीवर त्यांनी अमेरिका ठेवली.

कॉन्व्हेंटात मधल्या सुट्टीत आम्हाला भुकटीचं दूध मिळायचं. पिंपावर एकमेकांत मिळवलेल्या दोन हातांचं चित्र होतं. सिस्टर म्हणायच्या, अमेरिकेनं पाठवलंय, थँक यू म्हणा. आम्ही रांगेत उभ्या राहून पिंपाला थँक यू म्हणायचो. मग एक्काहत्तरच्या लढाईत त्यांचं आरमार आपल्यावर डोळे वटारायला बंगालच्या उपसागरात आलं. गिरणीतले लोक बाबांना म्हणाले, घ्या तुमची अमेरिका. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, ते सरकार; देश वेगळा. हे वाक्य मी पन्नास वर्षं वापरलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर त्यांची लाल मिलो आली, आणि ती जनावरांची ज्वारी आहे म्हणून तुझे बळीरामकाका आजही कळमेश्वरला बसून शिव्या घालतात, तेव्हाही वापरलं. तू २००९ साली गेलीस तेव्हा तर ते वापरायची गरजच उरली नाही. नंदनवनातल्या प्रत्येक घराला तेव्हा अमेरिका हवी होती आणि ती माझ्याकडे होती.

म्हणून तुला सांगते, मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. तुझे बाबा गेले त्या पहाटे तू फोन केलास, तेव्हा मी नुसती गप्प नव्हते. मी म्हटलं होतं, तुझं तू ठरव. तुझा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. इथं आलीस तर नवा शिक्का मिळायला वर्ष लागलं असतं, नोकरी गेली असती. मी ते तुझ्यावर सोडलं. तू न येण्याचं ठरवलंस.

एवढंच.

आई

—

२४ सप्टेंबर २०२५

रोशनी,

काल बळीरामकाका आले होते. परदेशी नोकरदारांसाठी तिकडं नवी जबर फी लावली, ती बातमी घेऊन. आता ऐंशीला टेकलेत, तरी कळमेश्वरहून बसनं येतात आणि चपला काढायच्या आधी सुरू होतात. म्हणाले, वहिनी, ज्या देशासाठी पोरीनं बापाची माती सोडली, त्या देशानं आता तिलेच लाथ घातली ना. हे ते दर वेळी म्हणतात. शब्द बदलतात, माती तीच.

मी चहा ठेवला. दर वेळी ठेवते.

तू ते ऐकलं आहेस, मला माहीत आहे. बाबांना जाऊन महिना झाला होता, पुण्यानुमोदनाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू होतीस आणि काका तीस माणसांसमोर म्हणाले, दादाच्या पोरीनं बापापेक्षा कागद मोठा केला. तू म्हणालीस, "आई, तू सांग ना त्यांना." मी भिक्खूंना दान द्यायला वळले. मागं वळून पाहिलं तेव्हा तू स्क्रीनवर नव्हतीस. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

मी काय सांगायला हवं होतं, ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. आता या कागदाला माहीत होऊ दे.

'तुझं तू ठरव' असं मी म्हटलंच नव्हतं, आणि तूही मला काही विचारलं नव्हतंस. तू तिकीट काढलं होतंस. शिकागोवरून दिल्ली, दिल्लीवरून नागपूर. म्हणालीस, शवागारात दोन दिवस ठेवा, मी येते, आग मी देणार. आणि मी तुला म्हटलं, येऊ नकोस. तू म्हणालीस, नोकरी गेली तर जाऊ दे. मी म्हटलं, आलीस तर माझं तोंड बघू नकोस.

तुझ्या भल्यासाठी म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते काही अगदी खोटं नाही. पण त्या पहाटे माझ्या डोळ्यांपुढे तुझी नोकरी नव्हती. तू या घरात शिक्क्याची वाट बघत वर्षभर बसली आहेस आणि लोक मला विचारताहेत, पोरीला परत पाठवलं का हो, हे चित्र होतं. खिडकीपुढे उभी राहणारी पोरं मला विचारतील, मॅडम, तुमच्याच मुलीला कसा मिळाला नाही? बाबा आतल्या खोलीत चादरीखाली होते आणि मी ही काळजी करत होते.

मग बाहेर येऊन काकांना सांगितलं, तिला जमत नाही म्हणाली.

मुलाखतीला चौदा दिवस आहेत. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतल्या फेसबुकवरच्या नावांपर्यंत सगळं विचारलंय. हे एक सोडून.

आई

—

९ ऑक्टोबर २०२५
दुरांतोमध्ये, परतीच्या वाटेवर

रोशनी,

नाही मिळाला.

अक्षर हलतंय ते गाडीमुळे. वाचून घे.

माझ्यापुढे अठरा माणसं होती. मी मनातल्या मनात प्रत्येकाला मार्क देत होते. एक बाई रडली, ती गेली. एकानं न विचारता घराचे कागद काढले, तो गेला. तरी माझे नियम काही कालबाह्य झाले नाहीत, असं मला वाटलं. आणि मग माझा नंबर आला.

काचेपलीकडे तिशीची मुलगी होती. कपाळावर पुळी. मला वाटलं होतं कुणी उर्मट भेटेल; इतके दिवस जमवलेला राग मी पर्समध्ये घालून नेला होता. ती गुड मॉर्निंग म्हणाली, माझं इंग्रजी फार सुंदर आहे म्हणाली. का जाताय? मुलीला भेटायला. किती दिवस? तीन आठवडे. खर्च? माझी पेन्शन आहे. तीन वाक्यं, डोळ्यांत बघून. आजाराचं नाव काढलं नाही.

मग तिनं विचारलं, मुलीला शेवटचं कधी पाहिलं? मी म्हटलं, २०१९ मध्ये, इथंच. तिनं कागद चाळला. म्हणाली, तुम्ही विधवा आहात, मिस्टर कधी गेले? मी सांगितलं. त्यावर तिनं अगदी सहज विचारलं, मग तेव्हा मुलगी आली नाही का?

रोशनी, या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात शेकडो वेळा शिकवलंय. कामामुळे शक्य झालं नाही. एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. माझ्या तोंडून ते आलं नाही. मी म्हटलं, ती येत होती, मीच येऊ नकोस म्हटलं. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, तिला तुम्ही परत घेतलं नसतं म्हणून. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळला. तिनं टायपिंग थांबवलं. म्हणाली, तुम्ही आता येताय हे तिला माहीत आहे?

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्याशी बोलत नाही. तिला कॅन्सर आहे."

तीन सेकंदांत मी माझे सगळे नियम मोडले. माझ्या वर्गातल्या अगदी ढ पोरानंही असं केलं नसतं.

तिनं छापील पांढरा कागद दिला. आय ॲम सॉरी म्हणाली, तुमच्या मुलीबद्दल, असंही म्हणाली. नियमात बसत नाही. खरं बोलले म्हणून नाकारला की खोटं बोलले असते तरी नाकारला असता, ते मला कधी कळणार नाही. बाहेर फुटपाथवर एक पोरगं म्हणालं, आजी, आजकाल ते कुणालाच देत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. सोबतीला माणसं मिळाली असती. तिथं उभं राहून अमेरिकेला मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या.

शिव्या घालण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी त्या घालणारही आहे. पण तिनं जे विचारलं ते साडेतीन वर्षांत नागपुरात मला कुणी विचारलं नव्हतं. तीस माणसांतल्या एकानंही विचारलं नाही, की मधुकररावांची पोर बापाच्या मातीला का आली नाही. सगळ्यांनी मी सांगितलं तेच धरून ठेवलं.

वर्धा आलं. पुढं घरी लिहीन.

आई

—

१२ ऑक्टोबर २०२५

रोशनी,

बळीरामकाकांना व्हिसा नाकारल्याचं कळलं आणि ते आज सकाळीच हजर. इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातच पाहिलं असेल. पिशवीत संत्री. म्हणाले, "काहून गेल्या तुम्ही तिथं नाक घासाले? बरं झालं. आता तरी त्या अमेरिकेचं नाव काढू नका या घरात."

किती सोपं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. एकदा त्या देशाचं नाव मोठं ठेवायला मी तुझं नाव खाली घातलं, आणि आता त्याचं नाव खराब झालंय तर त्याच्याआड मला लपता आलं असतं. सगळा दोष अमेरिकेचा. अख्खं नंदनवन माझ्या बाजूनं उभं राहिलं असतं.

चहा ठेवला नाही. त्यांना बसवलं आणि सांगितलं. तिकीट काढल्याचं, आग मी देणार म्हणालीस त्याचं, 'तोंड बघू नकोस' त्याचं. सगळं.

काकांनी हातातलं संत्रं एकदा फिरवलं. मग म्हणाले, "मंग मी तीन-साडेतीन वर्षं त्या पोरीले बोलून राहिलो, ते तुमच्यासाठी?"

मी हो म्हटलं.

"दादाले आग माह्या अंकुशनं देल्ली. ते तिचं काम होतं. ते तिले कसं वापस देसान, वहिनी?"

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर मीही दोन शब्द ऐकवले असते. मला ते जमतं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारात वळून 'येतो' म्हणाले नाहीत. संत्री इथंच राहिली.

त्यांचा प्रश्न होता तसा वर लिहिला आहे. त्याचं उत्तर तुला मागत नाही.

आई

—

१६ ऑक्टोबर २०२५

रोशनी,

अमेरिकेचं टपाल कालपासून सुरू झालंय. पण आता तीन आठवडे थांबण्यात अर्थ नाही. हे पत्र आणि आधीची पाचही पत्रं प्रीती फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. ती जेवणाच्या टेबलाशी बसली आहे आणि मी लिहीत असताना माझ्याकडे बघायचं टाळते आहे.

तिनं परवा सांगितलं. उपचार लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी किती महिने सांगितले तेही सांगितलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही. सप्टेंबरमध्ये तुझी नोकरी गेली आणि साठ दिवसांत तुला तो देश सोडायचा आहे. सोळा वर्षांनी, अंगात सुया असताना, साठ दिवस. माझ्या बाबांचं ते वाक्य मी आज म्हणून पाहिलं, ते सरकार, देश वेगळा. असेल. तुझ्या शेजारची बाई तुला सूप आणून देते, असं प्रीती म्हणाली. ती देश असेल. मला आता त्यात पडायचं नाही.

आणि प्रीतीनं आणखी एक सांगितलं. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलची चौकशी तू महिनाभर तिच्याकडून करून घेते आहेस. तिथं जवळ एक खोलीही भाड्यानं बघायला सांगितली आहेस. ती म्हणाली, काकूंकडे का नाही? तर तू म्हणालीस, "आई पुन्हा येऊ नको म्हणेल."

हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. प्रीतीला वाटलं, भांडी घासते आहे.

रोशनी, मरायला का होईना, आपल्या घरी यायचं म्हणून तू भाड्याची खोली शोधतेस. ही माझी कमाई.

ये. शिक्का नको, नोकरी नको, केस नकोत. परत जाता येईल का, हे मी विचारणार नाही आणि कुणाला विचारू देणार नाही. पुढच्या खोलीतलं टेबल काल भंगारवाल्याला दिलं, तिथं पलंग लावला आहे. खिडकीकडे पाय होतील असा. रामदासपेठेतल्या डॉक्टरांना प्रीती आणि मी भेटून आलो. भाड्याच्या खोलीतच राहायचं असेल तर राहा; मी डबा दाराशी ठेवून जाईन. बोललीच पाहिजेस असं नाही.

प्रीतीकडून सगळं कळल्यावर आत्ता बळीरामकाकांचा फोन आला होता. त्या दिवसानंतर पहिलाच. माझ्याशी धड बोलले नाहीत. एवढंच विचारलं, पोरगी येणार असली तर विमानतळावर मी आलो तर चालेल का. मी त्यांना सांगितलं, ते मी ठरवणार नाही, तिला विचारते. ते हो म्हणाले आणि फोन धरून राहिले.

तेव्हा विचारते. त्यांनी यावं का? आणि मी?

आई